कितीच्या दुप्पट?

शाल्मलीच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. बारा वर्षांत तिनं त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मंगळवारी सकाळपासून मात्र तिला दुसरं काही दिसेना.

सन २०७९ चा मार्च महिना. मालवणजवळ समुद्रतळाशी मुलांची प्रवाळशाळा (पोवळ्यांच्या अभ्यासाची शाळा) भरणार होती आणि शाल्मलीची निवड झाली होती. आणि आज बातमीपटलावर (बातम्या दाखवणाऱ्या भिंतीवर) झळकलं : ‘लांब बोटवाल्यांना सागरज्वराचा धोका दुप्पट!’ सागरज्वर म्हणजे समुद्राखाली राहणाऱ्यांना येणारा ताप. शाल्मलीनं नाव मागे घेण्याचा अर्ज लिहून टाकला. तो पाठवायची मुदत पाच वाजेपर्यंत होती.

इंदूआजीनं चाळीस वर्षं साथीच्या रोगांची आकडेमोड केली होती. अर्ज वाचून ती रागावली नाही. तिच्या तरुणपणी असं बोट असलेली बायको नवऱ्याला मुठीत ठेवते म्हणत. तिचंही बोट तसंच, म्हणून मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा आईनं तिला पाय साडीखाली झाकून बसवलं होतं, असं ती सांगू लागली.

“मग आजोबा होते का तुझ्या मुठीत?”

“एकदाही ऐकलं नाही माझं.”

मग आजीनं गणूला, म्हणजे घरच्या यंत्रमानवाला, मूळ संशोधन शोधायला सांगितलं. हवा तो आकडा अकराव्या पानावर निघाला. गणूनं दोन पराती मांडल्या आणि प्रत्येकीत तांदळाचे दहा हजार दाणे मोजून ओतले. पहिली परात आखूड बोटवाल्यांची. त्यांच्यात दहा हजारांत एकाला हा ताप येतो, म्हणून आजीनं एक दाणा ओल्या कुंकवानं रंगवला. दुसरी परात लांब बोटवाल्यांची. ती तिनं शाल्मलीपुढे सरकवली.

शाल्मलीनं एक दाणा रंगवला, मग दुसरा. आणि तिचं बोट थांबलं. सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे अर्धी परात लाल होती.

बातमीत होता तो सापेक्ष धोका (एका गटाची दुसऱ्याशी केलेली तुलना), आजीनं समजावलं. परातीत दिसतो तो निरपेक्ष धोका (खरोखर किती जणांना आजार होतो). पहिला ऐकला की दुसरा विचारायचाच.

“पण त्या दोघांतली एक मीच असले तर?”

“असू शकतेस. म्हणून तर खाली डॉक्टर असतात, आणि औषधानं हा ताप उतरतो. धोका आहे तेवढीच भीती बाळग, जास्त नको.”

साडेचारला शाल्मलीनं अर्ज पुसला आणि बातमीकेंद्राला एक ओळ लिहिली : ‘कितीच्या दुप्पट?’

सहाला उत्तर आलं. मूळ आकडा बघायचा राहून गेला होता. उद्यापासून तो बातमीशेजारीच देऊ.

आजीनं ते दोनदा वाचलं. “आमच्या वेळी,” ती म्हणाली, “उत्तरसुद्धा यायचं नाही.”