नाण्याएवढा चतुर

"जाडं पुस्तकच घेऊ या," इओरी हट्टाला पेटला होता. "फुलपाखरं बघ ना, पानभर एकेक!"

"आणि हे धूड दलदलीत कोण वाहून नेणार? तू?" कोझुएने विचारलं.

सुट्टीचा प्रकल्प चतुर आणि फुलपाखरांवर करायचा, एवढं ठरलं होतं. पण कीटक ओळखायला पुस्तक हवं, आणि पैसे एकाच पुस्तकापुरते. म्हणून कोझुए, शहरातून आलेला तिचा मामेभाऊ इओरी आणि शेजारची सानाए अर्धा तास उसामी काकूंच्या दुकानात भांडत होते. एक पुस्तक चकचकीत फोटोंचं. दुसरं खिशात मावणारं, आपल्याच जिल्ह्यापुरतं, हाताने काढलेल्या चित्रांचं.

काकू वैतागून म्हणाल्या, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला एक कीटक दोन्हींत शोधा. जे पुस्तक आधी सांगेल, ते तुमचं."

कोझुएला स्मशानाच्या वाटेखालच्या दलदलीतले इवलेसे लाल चतुर आठवले. वस्तीचे प्रमुख हिरुकावा आजोबा म्हणायचे, ती पिल्लं आहेत, होतील मोठी. जाड्या पुस्तकात सगळेच चतुर तळहाताएवढे. काही पत्ता लागेना. छोट्यात मात्र प्रत्येक चित्र खऱ्या मापाचं होतं, आणि एका कोपऱ्यात तो बसला होता. सानाएने त्यावर एक येनचं नाणं ठेवलं, तर चतुर अख्खा झाकला गेला.

खाली लिहिलं होतं: पंख फुटल्यावर चतुर तसूभरही वाढत नाही. हा पूर्ण वाढलेला आहे. उन्हाळ्यात दलदलीतलं गवत कापलं, तर नाहीसा होतो.

कोझुएने सानाएचा हात धरला. "अगं, रविवारी कापणी आहे!"

ओबोनच्या सणाला पूर्वज घरी येतात, म्हणून त्याआधी सगळी वस्ती मिळून स्मशानाची वाट साफ करते. चिखलामुळे दलदल दरवर्षी कापायची राहून जायची. यंदा हिरुकावा आजोबांनी चिखलातही चालणारं गवत कापायचं नवं यंत्र आणलं होतं.

छोटं पुस्तक विकत घेऊन तिघं धावत त्यांच्याकडे गेली. आजोबांनी पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. "पूर्वजांना काय सांगू? पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा म्हणून?"

तिघं पाय ओढत परतली. मग सानाए हळूच म्हणाली, "ज्याच्या वाट्याचं गवत, त्यात दुसरा कोणी विळा घालत नाही ना?"

रविवारी सकाळी सहाला वाटे पडले. "दलदल कोण घेणार?" आजोबांनी विचारलं. मोठी माणसं आपापले बूट न्याहाळू लागली. कोझुएने हात वर केला. "आम्ही मुलं घेतो." केवढं कौतुक झालं! इओरीला तर लाजल्यासारखं झालं.

आठला सगळे सातूचा चहा प्यायला थांबले. आजोबा वाटे तपासत आले आणि जागीच थबकले. एक पातंही कापलेलं नव्हतं. तिघं गुडघाभर चिखलात नुसती उभी!

"ही काय थट्टा आहे?" सगळी वस्ती वळून बघू लागली. आपला वाटा न करणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. कोझुएच्या बाबांनी मान खाली घातली. "सरका, मी यंत्र आणतो," आजोबा गरजले.

कोझुए हलली नाही. तिने पुस्तक पुढे केलं. "आधी हे वाचा, आजोबा. मग आणा."

आजोबांनी चष्मा लावला. वाचता वाचता ते वाकले. समोरच्या पात्यावर लाल चतुर बसला होता. सानाएने शेजारी नाणं धरलं. त्यांनी आणखी एक पाहिला, मग सात, मग मोजणंच सोडलं.

"हे मोठे झालेले आहेत?"

"हो."

आजोबा बांधावर मटकन बसले. "चाळीस वर्षं मी यांना पिल्लं म्हणतोय. आज तासाभरात सगळे मारले असते, आणि वर निवांत चहा प्यायलो असतो."

मग ते उठले, टोपी काढली, आणि सगळ्यांसमोर त्या तीन पोरांपुढे कमरेत वाकले. बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"शाबास. तुम्ही होतात म्हणून वाचलो," आजोबा म्हणाले. मग त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि वाचू लागले. "पण हेही लिहिलंय. कधीच कापलं नाही, तर गवत माजून दलदल बुजते. कापायचं, पण जानेवारीत. वाटा कुणाचा?"

"आमचा," कोझुए म्हणाली.

"मग जानेवारीत, सकाळी सहाला. बर्फ फोडून उतरावं लागेल. यंत्र नाही, विळ्याने."

इओरी घाईघाईने म्हणाला, "मी तर शहरात असतो."

"पहाटेची गाडी पाचला पोचते," सानाए म्हणाली आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने त्याचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.