दोन वूफरच्या मधली खाट

एक वूफर एसटीत चढला होता आणि दुसरा धुळ्याच्या स्टँडवर भर उन्हात खालीच राहिला होता. संघमित्रा दारात उभी राहून "थांबा हो, थांबा!" म्हणत होती, आणि कंडक्टर तिच्याकडे असा बघत होता की जणू ती म्हैसच गाडीत घ्यायला निघाली होती. तेवढ्यात खालून कुणीतरी तो डबा उचलला, धापा टाकत वर आणला आणि तिच्या शेजारी मांडीवर घेऊन बसलासुद्धा.

"याचं तिकीट तुम्ही काढणार की मी?" त्याने विचारलं.

"मांडीवरच्याचं तिकीट लागत नाही."

"बरंय मग. पण लेकरू जरा जडच आहे हो तुमचं."

ती हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्याचं नाव युवराज. मूळचा चोपड्याचा, जळगावात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा आणि लग्नाच्या हॉलमध्ये साउंड बसवायचा. वूफर जुने, वापरलेले आहेत हे त्याने वरूनच ओळखलं. "दोन-दोन कशाला? घरात डीजे लावताय की काय?" त्याने चेष्टेने विचारलं, आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. पारोळा मागे पडल्यावर मात्र तिने आपणहून सांगितलं.

तिचे वडील, पितांबरआबा, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. दोंडाईचापासून जळगावपर्यंत जयंतीचा कार्यक्रम त्यांच्या ढोलकीशिवाय व्हायचा नाही. आता त्यांचे कान चालले होते. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग लेकीचा आवाज. उरला होता तो फक्त खालचा, जाडा ठेका. तोही जाणार, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आई केव्हाच गेलेली. घरात ही दोघंच.

"आहे तोवर त्यांना त्यांची ढोलकी ऐकवायची आहे," ती म्हणाली. "जुनी कॅसेट आहे. पण घरच्या स्पीकरमधून ठेका येतच नाही."

युवराजने मांडीवरचा डबा जरा घट्ट धरला. "रविवारी येतो," एवढंच म्हणाला.

रविवारी तो आला. अ‍ॅम्प्लिफायर आबांच्या उमेदीच्या काळातला, त्याला वूफर जोडायची वेगळी सोयच नव्हती. युवराजने स्पीकरच्या वायरी जिथे लागतात तिथूनच आणखी दोन वायरी ओढल्या. डाव्या बाजूची डाव्या वूफरला, उजवीची उजव्याला. डबे ठेवले आबांच्या खाटेच्या दोन अंगांना. संघमित्रा मोबाइलचा उजेड धरून त्याच्याजवळ ओणवी बसली होती, आणि उजेड वायरीवर कमी, त्याच्या मानेवर जास्त पडत होता.

"इकडे, मॅडम. वायर इकडे आहे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सोपं आहे. लाल लालला, काळी काळीला. एकाची जरी उलटी झाली, तर दोघं भांडतात. एक पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा मागे ओढतो... आणि मधे बसलेल्याच्या वाट्याला काही उरत नाही."

"नवरा-बायकोसारखं?"

"मला काय माहीत? माझं अजून कुठे..." तो थांबला. तिने उजेड खाली केला.

कॅसेट लागली. आबा खाटेवर भिंतीसारखे बसले होते. मग त्यांची बोटं हलली. मान हलली. आणि एकदम ते मोठ्याने ओरडले, "वाजी राहिनी! मनी ढोलकी वाजी राहिनी, पोरी!" डोळ्यांतून धारा, आणि दोन्ही हात मांडीवर थापा देताहेत. संघमित्राने तोंडात ओढणी कोंबली. युवराज तिच्याकडे बघत राहिला. हिच्या घरी परत यायला मिळालं पाहिजे, कसंही करून मिळालं पाहिजे, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती ते वाचून लाजली, आणि चहा टाकायला आत गेली.

चहा झाला. "काही वाटलं तर फोन करा," तो जाताना दारात म्हणाला. "लगेच येईन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी पुन्हा कॅसेट लावायला सांगितली. तिने लावली. आबा बसून राहिले. बोटं हलली नाहीत.

"लाव ना," ते म्हणाले.

"लावली आहे, आबा," तिने खुणेने सांगितलं. दारापाशी उभं राहून तिला स्वतःला ठेका चांगला ऐकू येत होता. तिने आवाज वाढवला. आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"माले ऐकाले येत नई. बठ्ठं सपनं." सगळं संपलं, म्हणत त्यांनी हात झटकले.

"वूफरवाल्याला बोलावते."

ती काय म्हणाली ते त्यांनी ओठांवरून ओळखलं. "कोणले बलाऊ नको. त्या डबामा खोट नई शे, मना कानमा शे." काल डबा वाजला होता, आज दारापाशी वाजत होता. मग खोट दुसरी कुठे असणार? तिलाही ते पटलं. खाटेवर, त्यांच्या शेजारी जाऊन बसावं, हे काही तिला सुचलं नाही.

मग आबांनी बोलणंच टाकलं. भिंतीवरची ढोलकी त्यांनी गायन पार्टीतल्या सुकदेवला बोलावून देऊन टाकली. जेवण निम्म्यावर आलं. संघमित्राला युवराजची आठवण यायची, फार यायची. पण फोन करून काय सांगायचं? तिला त्याला आनंदात बोलवायचं होतं, आणि घरात तर सुतक असल्यासारखं झालं होतं. महिनाअखेरीला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि मान हलवली. आता खालचाही आवाज उरला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी युवराज न बोलावता आला. वाळला होता. "म्हटलं, वूफर बघून जावं..." तो पुटपुटला. तिच्याकडे त्याने नीट बघितलंही नाही. तो आत आला, सरळ उजव्या डब्यामागे गेला, पाठमोरा बसला, आणि क्षणभरात उठला. "आता लावा कॅसेट."

तिने लावली. आबांचा हात सहज डब्यावर पडला. त्यांना थरथर जाणवली आणि ते दचकले. "हालस शे!" म्हणाले. मग तळहाताने ते डब्यावर ठेका धरू लागले. कॅसेटमधली ढोलकी एकीकडे चालली होती, आबांचा हात दुसरीकडे. आयुष्यात कधी लय न चुकलेला माणूस! त्यांना काही कळत नव्हतं. ते हसत होते, आणि त्यांनी युवराजच्या डोक्यावर हात ठेवला. "भारी पोऱ्या शे," म्हणाले.

युवराज तसाच बाहेर पडला. संघमित्रा मागोमाग फाटकापर्यंत गेली.

"तू शोधलं नाहीस," ती म्हणाली. "सरळ उजव्यापाशीच गेलास."

तो फाटकाची कडी काढू लागला.

"त्या दिवशी मी चहा टाकायला आत गेले होते. तेव्हाच वायर उलटी केलीस ना?"

"म्हटलं, दोन दिवसांत आवाज कमी वाटेल... तुम्ही फोन कराल... मी येईन." त्याचे शब्द अडखळत होते. "दुसऱ्या कुठल्या निमित्ताने यायची हिंमत नव्हती. फोन आला नाही, तेव्हा वाटलं, तुम्हाला मी नकोच आहे. मग मीही अडून बसलो. आवडता हो तुम्ही मला... एसटीत डबा चढवला तेव्हापासून."

संघमित्राला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

"आबांना ऐकू येत होतं, युवराज. जवळजवळ महिनाभर येत होतं. मधे खाटेवर बसून ते कान गेले म्हणून मरत होते, आणि ठेक्यापुरते कान शाबूत होते. आता खरंच गेलेत."

त्याने फाटक धरलं. "माफ..."

"नको." तिने त्याचा हात फाटकावरून सोडवला, पण लगेच सोडला नाही. आतून कॅसेट ऐकू येत होती, आणि तिच्यावर आबांचा चुकता ठेका.

"मलाही तू आवडला होतास," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी फोन करणार होते. काही बिघडलं नसतं, तर."

मग तिने हात सोडला आणि फाटक लावून घेतलं.