शेंकच्या तळ्यावरचं भोक

तळ्यावरचा बर्फ आधीच कुणीतरी कापून ठेवला होता.

मार्लीन कोवाच पंपाचा जाड नळ ओढत काठावर आली आणि थबकली. मागे शेंकचं धान्याचं आणि गुरांचं कोठार धडधडून पेटलं होतं. बर्फात तिकोनी भोक होतं, अगदी नळ आत सोडता येईल एवढं. पाण्यावर नुकतीच काचेसारखी पातळ साय धरत होती. म्हणजे भोक आगीच्या आधीचं.

तरी तिने नळ आत सोडला, पंप सुरू केला.

कोठाराच्या चारही बाजूंनी धूर येत होता. "माळ्यावर कुणी जाऊ नका! माळा सोडा!" म्हातारा हार्लन रुप घसा फोडून ओरडत होता. पण अग्निशामक दलातली ब्रेना तोवर आत शिरली होती. माळ्याची जमीन कोसळली. दलात नव्याने आलेल्या वेसने तिला खेचून बाहेर काढलं, तेव्हा तिचे दोन्ही हात भाजले होते.

केटल हॉलोच्या स्वयंसेवक अग्निशामक दलासाठी या हिवाळ्यातली ही तिसरी आग. आधीच्या दोन्ही आगींत तबेले रिकामे सापडले होते, जनावरं कुरणात सुखरूप. आज शेंकच्या गाईसुद्धा बाहेरच होत्या.

आग विझल्यावर मार्लीनने एडना शेंकला गाठलं.

"एडना, गाई कोणी सोडल्या?"

"मला वाटलं, आमच्या ह्यांनीच सोडल्या असतील. पण ते तर सकाळपासून गावात आहेत."

"बर्फात भोक पाडून मासे धरायला तळ्यावर कोण येतं?"

"आमच्या तळ्यात बेडकांशिवाय आहे काय?"

"यंत्राच्या करवतीचा आवाज आला का सकाळी?"

"छे! मी स्वयंपाकघरात होते, खिडकी तळ्याच्याच बाजूला. उंचवट्यामुळे दिसत नाही काही, पण आवाज आला असता की."

बंबाकडे परतताना दलाचा प्रमुख डेल तिच्या कानाशी लागला. "वेसच आहे तो. नवा आहे, दर वेळी सगळ्यांत आधी पोचतो, आपल्या गाडीत यंत्राची करवत घेऊन फिरतो. पुढच्या महिन्यात नगरसभा ठरवणार, दल ठेवायचं की कुलूप लावायचं. आगीच लागत नाहीत, सायरन वाजतच नाही म्हणतात. आणि त्यात हा आपल्यातलाच आगलाव्या निघाला तर संपलंच सगळं! पोलिसांना फोन करतो मी."

"संध्याकाळपर्यंत थांब, डेल."

बंबात वेस तिच्या शेजारीच बसला होता. काजळी माखलेला. मार्लीनने सबंध रस्ताभर मान वळवली नाही. या बंबात बसलेल्यांपैकीच कुणीतरी आग लावून तीच विझवायला आलं होतं. ज्यांच्या भरवशावर आपण धुरात शिरतो, त्यांच्यातलंच कुणीतरी.

पण यंत्राची करवत असती तर आवाज झाला असता. पाण्यावर तेलाचा तवंग आला असता. तो नव्हता. मग बर्फ कापला कशाने?

दलाच्या इमारतीत बाकीचे नळ उतरवायला मागे गेले. मार्लीन बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापुढे उभी राहिली. आत दलाचा सगळा इतिहास होता. चामड्याची शिरस्त्राणं, पितळी नळतोंड, घोड्यांच्या बंबाच्या काळातली बर्फ कापायची हातकरवत. उन्हाळ्यात मुलांना दाखवली तेव्हा करवत गंजून तांबडी झाली होती. आता तिचे दात लखलखत होते. खालच्या मखमलीवर ओलसर डाग होता.

"काय बघतेस, मार्लीन?"

हार्लन दारात उभा होता. तिला पंप चालवायला शिकवणारा, पंचवीस वर्षं दलाचा प्रमुख राहिलेला हार्लन. त्याने मागचं दार लावून घेतलं. हाक मारली तरी नळांच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेली नसती.

"चीफ, या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. एकच तर आहे."

"मग तुम्हीच ते केलंत." तिने कपाटातल्या करवतीकडे बोट केलं. "बर्फ हातकरवतीने कापलाय, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि कापलाय बरोबर तिथे, जिथे आपला नळ पोचतो. आग लावणाऱ्याला ती विझायला हवी होती. जनावरंही मरायला नको होती. वेस आठ महिन्यांपूर्वी आलाय, बंब तळ्यापाशी कुठे उभा करायचा हे त्याला अजून विचारावं लागतं. आणि धूर सगळीकडून येत असताना आग माळ्यावर लागलीय, हे तुम्हाला कसं कळलं?"

हार्लन पुढे आला. मार्लीन मागे सरली, पाठ कपाटाला टेकली. तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मधल्या खुर्चीत मटकन बसला.

"सायरन वाजला पाहिजे होता गं," तो म्हणाला. "कुलूप लावायला निघालेत. माझ्या बापाने, आजोबाने उभं केलंय हे. कुणाला इजा होऊ द्यायची नव्हती मला. सगळी काळजी घेतली होती."

"ब्रेनाचे हात भाजलेत, चीफ."

त्याने तोंड ओंजळीत लपवलं. "मी ओरडत होतो तिला..."

"ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं." तिने फोन उचलला. "पोलिसांना मी बोलावते. ब्रेनाच्या आईला मात्र तुम्ही सांगायचं."

तोंडावरून हात काढून तो म्हणाला, "सांगतो."

पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा डेल मान खाली घालून उभा होता. एकेक करून सगळे घरी गेले. मार्लीन बंबाच्या पायरीवर बसली.

मागून पावलं वाजली. वेस ओले नळ खांद्यावर टाकून ते टांगून वाळवायच्या मनोऱ्याकडे निघाला होता.

"वेस, आम्ही तुझ्यावर संशय घेतला."

"माहितीये. बंबात तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस."

"मग थांबलास कशाला?"

"नळ वाळवायची आज ब्रेनाची पाळी होती," वेस म्हणाला. "ये, दुसरं टोक धर."

मार्लीन उठली आणि तिने दुसरं टोक धरलं.