राणीला कोण मारतंय?

"माझ्या बहिणीला विष घालत्यात, ताई. थोडं थोडं. रोज."

अर्जुना खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. कुपवाडच्या एका कारखान्यात तो लेथ मशीनवर काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत तो थेट क्रांती मोहितेच्या सांगलीतल्या कचेरीत आला होता.

क्रांती खासगी तपासाची कामं घ्यायची. त्याआधी तिनं एका विमा कंपनीसाठी संशयास्पद मृत्यूंचे दावे बरीच वर्षं तपासले होते. शेजारी बसलेले सयाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते तिची गाडी चालवायचे आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

"विष कशावरून?" क्रांतीनं विचारलं.

"राणी जतकडं दिलीया. दीड वर्षामागं पोरगं झालं, तवापास्नं ती माणसांत न्हाई. बोलत न्हाई, हसत न्हाई, पोराला जवळ घेत न्हाई. दोनदा चुलीपुढं बेशुद्ध पडली. दोन्ही वेळेला घरात सासू एकटीच. काल फोनवर म्हणाली, 'दादा, मी आता लय दिवस न्हाई.'"

"डॉक्टरला दाखवलं?"

"डिप्रेशन म्हणाले. सहा महिनं गोळ्या खाल्ल्या, फरक काय न्हाई. थायरॉईडबी तपासलं. नॉर्मल आलं."

"आणि नवरा?"

"धुळा. जीप चालवतो." अर्जुनाचा आवाज खाली आला. "त्याचा मामा दुसरी पोरगी बघतोय म्हणं."

सयाजींनी क्रांतीकडं अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं.

मे महिन्याची दुपार होती. जतच्या पुढं रान नुसतं भाजून निघालं होतं. राणीच्या सासरच्या वाड्याच्या सावलीत मेंढरं धापा टाकत होती. अर्जुना दोघांना आतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला.

भिंतीला टेकून राणी बसली होती. अंगात स्वेटर, वर शाल. चेहरा मेणासारखा पांढरा पडलेला, भुवया बाहेरच्या बाजूनं झडून गेलेल्या.

"तुमी मला न्यायला आलाय?" तिनं जड, घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुठं न्यायला?"

"कोण तरी रोज येतंय. दारात हुबं ऱ्हातंय. तोंड दिसत न्हाई." तिनं क्रांतीचा हात घट्ट धरला. "आज आत आलंय."

तो हात बर्फासारखा गार होता. क्रांतीनं मागं वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

ओसरीवर सासू, रंगुबाई, नातवाला बाटलीनं शेळीचं दूध पाजत होती.

"बाधा हाय तिला," रंगुबाई कुजबुजली. "पोर झालं, पर दुधाचा थेंब म्हणून आला न्हाई. दीड वर्षात एकदाबी बाजूला बसली न्हाई. रविवारचा उपास धरला की पडलीच. दोन्ही वेळेला उपासच हुता. बिरोबाला कौल लावला, अंगारा लावला. त्यात काल ताप चढला हुता, सकाळी उलट्या झाल्या."

क्रांतीनं कोनाड्यातला डबा उचलला. "ही पूड कसली?"

"शतावरी. दुधासाठी देत हुते. आता मीच खाते, गुडघ्याला." रंगुबाईनं सहज चिमूटभर पूड तोंडात टाकली.

धुळा बाहेर जीप पुसत होता. जीप जुनाट होती. पुढच्या सीट फाटून त्यांतला काथ्या बाहेर आला होता. मागची सीट मात्र नव्या रेक्झिनची होती.

"मागची सीट कधी बदललीस?" क्रांतीनं विचारलं.

त्याचा हात थांबला. "झालं की दीडएक वर्ष. फाटली हुती."

"पुढची जास्त फाटलीय."

धुळा पुन्हा जीप पुसायला लागला.

"राणीचं बाळंतपण कुठं झालं?"

"दवाखान्यात. नॉर्मल." त्यानं मान वर केली नाही.

"हाच तो," सयाजी क्रांतीच्या कानाशी पुटपुटले.

तेवढ्यात आतून रंगुबाईची किंकाळी आली.

राणी जमिनीवर कोसळली होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ निळसर. नाडी हाताला लागता लागेना. धुळा आणि अर्जुनानं तिला उचलून क्रांतीच्या गाडीत घातलं. गाडी मिरजेच्या इस्पितळाकडं सुटली. सयाजी पुन्हा पुन्हा आरशात मागं बघत होते, ती श्वास घेतेय का म्हणून.

तातडीच्या विभागात डॉक्टर पूजांनी तिला तपासलं. "बीपी जवळजवळ नाही. साखर एकदम खाली. काय खाल्लंय हिनं?"

"विष!" अर्जुनानं धुळ्याची गचांडी धरली. "यानं मारली तिला!"

"सोड त्याला," क्रांती म्हणाली. "विष नाही. डॉक्टर, दोन मिनिटं ऐका. ही माहिती तुम्हाला लागेल."

ती धुळ्यासमोर उभी राहिली.

"विषानं माणूस हळूहळू खंगेल. पण राणीला दूध पहिल्या दिवसापासूनच आलं नाही. पाळी परत आली नाही. थंडी, सुस्ती, उदासी, सगळं बाळंतपणानंतरच लागलं. म्हणजे जे घडलं ते त्याच दिवशी घडलं. सासूवर संशय होता, पण डब्यातली पूड ती स्वतः खाते. राणी पडली ती उपासाच्या दिवशी, पोट रिकामं असताना. आता सीट. पुढची फाटकी तशीच ठेवून कुणी फक्त मागची का बदलेल? डाग निघत नव्हते म्हणून. किती रक्त गेलं, धुळा?"

धुळा बाकावर बसला.

"लय गेलं. रस्त्यातच बाळंत झाली. सीटवरनं खाली ओघळत हुतं. दवाखान्यात रक्त चढवलं, तवा वाचली." तो रडायला लागला. "अर्जुनानं सांगितलं हुतं, महिनाभर आधी सांगलीला धाड. मी न्हाई धाडलं. मग भ्यालो. तिलाबी म्हणलं, कुणाला सांगू नगं."

"आणि दुसरी पोरगी?" सयाजींनी दरडावून विचारलं.

"मामाला मी हाकलून दिलं, आवं. माझी राणी जिती हाय की!"

डॉक्टर पूजा केव्हाच आत वळल्या होत्या. "कॉर्टिसॉलसाठी रक्त काढा, रिपोर्टची वाट बघू नका. हायड्रोकॉर्टिसोन, ग्लुकोज, सलाइन. लगेच!"

दार बंद झालं. अर्जुना भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला.

"पण ताई, थायरॉईड तर नॉर्मल होतं," सयाजी म्हणाले.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. थायरॉईडला, दुधाला, पाळीला, सगळ्यांना हुकूम तीच देते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर ती निकामी होऊ शकते. त्या एका तपासणीत बहुतेक फक्त तिचा हुकूम मोजला असणार. अशा आजारात तो आकडा फसवतो. थायरॉईडचा खरा रस कुणी मोजलाच नसेल. ताप आला की तो झेलायला शरीराला कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त लागतं, आणि तेही याच ग्रंथीच्या हुकमावर बनतं. तिच्याकडं ते नव्हतंच. अशाच एका बाळंतिणीचा दावा मी तपासला होता. ती वाचली नव्हती."

संध्याकाळी दार उघडलं. बीपी सावरत होतं. रिपोर्ट आले तेव्हा क्रांतीचा अंदाज खरा ठरला. शिवाय बी-ट्वेल्व्ह आणि लोहसुद्धा तळाला गेलेलं निघालं.

"गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील," डॉक्टर पूजांनी सांगितलं. "पण ती जगेल. उदास वाटतंय म्हटल्यावर आधी हे सगळं तपासायला हवं होतं."

अर्जुना धुळ्याजवळ गेला. मग त्याच्या शेजारी बाकावर बसला.

काही दिवसांनी क्रांती आणि सयाजी भेटायला गेले, तेव्हा राणी उशाला टेकून बसली होती. गालांवर थोडा रंग होता.

"दारातलं ते आता येत न्हाई. मला वाटायचं, मीच वाईट हाय," ती हळू म्हणाली. "आई असून पोराची माया येत न्हाई. मला माझीच भीती वाटायची."

रंगुबाईनं नातवाला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरानं अनोळखी चेहऱ्याकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. आजीकडं हात करून ते धडपडू लागलं. रंगुबाई घ्यायला पुढं झाली.

राणीनं त्याला छातीशी धरलं.

"ऱ्हाऊ द्या, आत्या. रडू दे. मी हाय."