आईच्या बाजूची काच

ओल शोधायला गेलो आणि स्वतःचीच चूक उकरून काढली, असं म्हणालात तरी चालेल. सुरुवात मात्र अगदी साधी होती. घरामागे आम्ही एक नवी खोली वाढवली, बायकोच्या शिवणकामासाठी. वर्ष व्हायच्या आत तिच्या एका भिंतीला ओल आली. रंगाचे पोपडे सुटले, कपाटातल्या कापडांना कुबट वास यायला लागला. गिऱ्हाइकांचे कपडे पुन्हा स्वयंपाकघरात आले आणि बायको माझ्याशी मोजकंच बोलायला लागली.

खोली बांधली त्याच मिस्त्रींना बोलावलं. माणूस चिवट. त्यांनी छतावर बांध घालून चार दिवस पाणी साठवलं. थेंब गळला नाही. नळ त्या बाजूला नव्हताच. मग त्यांनी ओलीवर चांदीच्या कागदाचा तुकडा चारी बाजूंनी घट्ट चिकटवला.

"दोन दिवस हात लावू नका, साहेब. बाहेरून थेंब आले तर दोष खोलीतल्या हवेचा. आतून आले तर भिंतीचा."

दोन दिवसांनी कागद सोलला. बाहेरून खडखडीत, आतून ओलाचिंब. मिस्त्रींनी ओलीच्या कडेकडेनं खडूची रेघ मारली आणि मागे सरकले. व्यवस्थित चौकोन झाला होता.

"इथं ती जुनी खिडकी होती," ते हळूच म्हणाले.

होती. मला विसरायची होती, एवढंच.

भिंतीपलीकडे आईची खोली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि पलंग त्या खिडकीशी. संध्याकाळी सहाला मी मागच्या वाटेनं कामावरून यायचो, ते ती तिथून पाहायची. दिवसभरात तिला पाहण्यासारखं तेवढंच. नव्या खोलीचं ठरलं तेव्हा ती एकदाच म्हणाली, "खिडकी तेवढी ठेव रे." मी म्हणालो, "ठेवतो गं." मग ती चार दिवस दवाखान्यात होती, आणि मी मिस्त्रींच्या मागे लागलो. ती यायच्या आत बुजवून टाका, नंतर रडारड नको. चौकट काढण्यात दिवस मोडला असता. म्हणून तावदानं मिटली, चौकट तशीच ठेवली, दोन्ही बाजूंनी विटा रचल्या आणि वर गिलावा केला.

आई परत आली. भिंतीकडे पाहिलं. मग रोज सहा वाजता कूस बदलून त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करायची. दोन महिन्यांनी गेली. तेव्हा माझ्याशी कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

मिस्त्रींनी नव्या खोलीकडून विटा काढल्या. पोकळीतून आधी वास आला... औषधाचा, तेल लावलेल्या केसांचा. मी ओळखला. काच वाफेनं पांढरी झाली होती. खाली, उशीवर टेकलेल्या चेहऱ्याच्या उंचीला, तळहाताएवढी जागा स्वच्छ होती.

मिस्त्रींनी काचेवर बोट फिरवलं. "वाफ पलीकडून आहे, साहेब... पुसलंयही पलीकडूनच."

"पलीकडे तर अजून विटा आहेत."

"हो," ते म्हणाले, आणि रिकामं घमेलं उचलून उगाच बाहेर जाऊन आले.

पलीकडच्या विटाही काढल्या. मी आईच्या पलंगावर आडवा होऊन पाहिलं. खिडकीतून दिसत होतं ते बायकोचं कपाट. फार लाज वाटली. कपाट हलवलं आणि नव्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, त्याच रेषेत, दुसरी खिडकी पाडायला लावली. पलंगावरून वाट पुन्हा दिसायला लागली.

आठ दिवसांत ओल सुकली. पण रोज सहाच्या सुमारास जुन्या काचेवर वाफ धरायची, आणि मी वाटेवर दिसलो की विरून जायची. बायकोनंही ते पाहिलं. "वेळेवर येत जा," एवढंच म्हणाली. मी येत गेलो. आई गेल्यानंतर का होईना, शहाण्या मुलासारखा वागत होतो.

मागच्या महिन्यात मी तापानं पडलो. आईच्याच पलंगावर झोपलो होतो. सहा वाजले आणि काच पांढरी झाली.

"आई, मी इथंच आहे गं," मी म्हणालो. "आज वाटेवर कुणी यायचं नाही... मी इथं आहे, तुझ्याजवळ."

वाफ दाट होत गेली. मग माझ्या तोंडासमोर तळहाताएवढी जागा हळूहळू पुसली गेली. मी त्यातून पाहिलं. वाटेवरून एक माणूस येत होता. माझा शर्ट, माझी थकलेली चाल. खिडकीसमोर तो थांबला, मान वर केली आणि हात हलवला... बराच वेळ हलवत राहिला. मी इतक्या वर्षांत तिला एकदाही हात केला नव्हता. ती पाहतेय हे माहीत असून खाली मान घालून यायचो.

काच एका क्षणात लख्ख झाली.

आता मी बरा आहे. रोज सहाला येतो, थांबतो, हात करतो. काच आधीच कोरडी असते. परवा बायकोनं दारातच विचारलं, "अहो, मघाशी हात करून पुन्हा कुठे गेला होतात?"