उषाबाईंचा पासवर्ड

पूर्णिमाबाई त्या दुपारी शाळेत परत गेल्या त्या फक्त फळा बंद करायला. शाळा कधीच सुटली होती, एप्रिलचं ऊन डोक्यावर तसंच होतं, हातात भाजीची पिशवी, आणि शनवारा दरवाजापर्यंत पोचल्यावर आठवलं की डिजिटल फळा चालूच राहिलाय. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मरू दे तिकडे. पण बाईंची सगळी नोकरी भीतभीत झालेली. सरकारी वस्तू, जळलीबिळली तर उत्तर कोण देणार? चरफडत मागे वळल्या.

आता हे फळ्याचं काय प्रकरण, ते आधी सांगते. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या एका गल्लीत मराठी माध्यमाची ही लहानशी शाळा. दिवाळीआधी तिला हा फळा मिळाला. भिंतीवरचा मोठा टीव्हीच म्हणा, पण बोटानं लिहिता येतं, चित्रं हलतात, आणि तो बोलतोसुद्धा. चालवायला शिकल्या त्या एकट्या उषाबाई, त्यांना हौस भारी. आणि दिवाळीच्या सुट्टीत उषाबाई गेल्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. त्यांचा वर्ग पूर्णिमाबाईंच्या गळ्यात पडला, आणि वर्गाबरोबर फळाही.

फळ्यात शिरायला ज्याचं त्याचं खातं लागतं. पूर्णिमाबाईंच्या खात्याचा अर्ज वर गेला तो वरच राहिला. हेडमास्तर वामन सर म्हणाले, "अहो, उषाबाईंचा पासवर्ड आहे ना, तोच चालू द्या. त्यांना आता काय फरक पडतो?"

म्हणून रोज सकाळी फळा उजळायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "नमस्कार, उषा मॅडम." पहिल्या दिवशी पोरं बाईंकडे बघतच राहिली आणि बाईंनी घाईघाईनं हजेरी घ्यायला सुरुवात केली. मग झाली सवय. माणसाला कशाची सवय होत नाही?

खरं सांगायचं तर बाई थकल्या होत्या. सर्व्हे त्यांच्याकडे, मतदारयादी त्यांच्याकडे, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि स्वतःचे गुडघे तर विचारूच नका. गोष्टीचा व्हिडिओ लावायचा, पोरं गप्प, की आपण खुर्चीत जरा डोळे मिटायचे, एवढाच त्यांना फळ्याचा उपयोग. मग थंडी सरताना ट्रेनिंग झालं. शिकवायला भूपेंद्र नावाचा चुणचुणीत तरुण आला होता.

"मॅडम, व्हिडिओ लावून बसून मत राहा," तो म्हणाला. "थोडा चालवा, थांबवा, मुलांना विचारा. जे खडूनं होतं ते खडूनंच करा. बच्चों के फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. आणि दुसऱ्याच्या आयडीनं कधीच शिरायचं नाही. जो अंदर है, वही टीचर है. फळा तर तेच समजणार ना?"

बाईंनी मान डोलावली आणि उषाबाईंच्या पासवर्डाचं काही बोलल्या नाहीत. बाकीचं मात्र त्या मनापासून शिकल्या. केळफुलातून घड कसा बाहेर येतो ते चित्र त्यांनी वर्गात लावलं, मधेच थांबवलं आणि विचारलं, "सांगा बरं, आता काय होईल?" केळीच्या बागांत हुंदडणारी पोरं एकदम ओरडली. कितीतरी वर्षांनी त्यांच्या वर्गात असा गलका झाला. बाईंना बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बरं वाटलं.

होळीनंतर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. सकाळी फळा उघडला की पाठ तयार! स्वच्छ मांडलेला, टपोऱ्या, गोल अक्षरात. बाईंचं बोटानं लिहिलेलं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, तेव्हा ते त्यांचं नव्हतंच. कुणाचं ते त्यांनी ओळखलं. उषाबाईंच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षं प्रगतिपत्रकं भरली होती. मनाशी म्हणाल्या, जुनं काही साठवलेलं असेल, ते वर येतंय. पण काल वर्गाला जो गुणाकार जमला नाही, तोच आज फळ्यावर सोडवून दाखवलेला असायचा. हे जुनं कसं असेल? विचार करायला घेतला असता तर उत्तर सापडलं असतं. बाईंनी घेतलाच नाही. पाठ तयार आहे ना, मग बस झालं. दमलेल्या माणसाला तेवढंच दिसतं.

आणि तृप्ती वाचायला लागली. तिसरीतली ही पोरगी, आई नसलेली, बाप केळीच्या ट्रकवर. दिवाळीनंतर तिची आजी भागाबाई डोईफोडिया गावाहून तिला सांभाळायला आली होती. उषाबाई असताना शाळा सुटली की तृप्तीला जवळ घेऊन बसायच्या. पूर्णिमाबाईंनी तिचा नाद सोडला होता. तीच पोरगी आता खडखडा वाचू लागली. वामन सरांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं आणि बाईंनी ते करून घेतलं.

फक्त पोरगी वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं, खेळायला जाईना, डबा तसाच परत. बाई म्हणाल्या, उन्हाचं होतं असं.

तर त्या दुपारी बाई गल्लीत शिरल्या तेव्हा वीज गेली होती. दिवसभर खटखटणारे सगळे पॉवरलूम गप्प. एवढी शांतता त्या गल्लीला शोभत नाही. स्वतःच्या चपलांचा आवाजही नकोसा वाटावा, अशी. शाळेचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. व्हरांड्यात ओल्या खडूचा वास आणि त्यात मिसळलेला माक्याच्या तेलाचा. बाई थबकल्या. उषाबाईंनंतर मुलांच्या डोक्याला असलं तेल आता कोण लावतं? आणि वर्गाच्या दारातून निळसर उजेड बाहेर सांडला होता. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती, फळा चालू होता.

समोर तृप्ती टाचा उंचावून उभी होती. फळ्यावर एकेक अक्षर आपसूक उमटत होतं आणि पोरगी मागून बोटानं ते गिरवत होती.

"तृप्ती... घरी नाही गेलीस?"

तिनं वळूनही पाहिलं नाही. "बाई शिकवतायत ना."

"कोण बाई?"

"उषाबाई. त्या म्हणतात, पूर्णिमाबाईंना सांगू नको. त्या आधीच दमलेल्या असतात."

बाई दोन पावलं पुढे आल्या. "आणखी... आणखी काय म्हणतात?"

"म्हणतात, सुट्टी लागली की माझ्याकडे राहायला ये. तिकडे शिकवायला कुणीच नाही..." पोरीचा आवाज अगदी मायेनं भरून आला. "एकट्या आहेत हो त्या."

उमटणारं अक्षर मधेच थांबलं. मग सगळा फळा पुसला गेला आणि त्यावर सावकाश, टपोऱ्या अक्षरांत एक ओळ आली.

बस गं पूर्णिमा. दमली असशील.

टेबलामागची खुर्ची बाहेर ओढलेली होती. आणि काय सांगू, बाईंना खरंच बसावंसं वाटलं. गुडघ्यांना वाटलं, पाठीला वाटलं, इतक्या वर्षांच्या थकव्याला वाटलं. बस म्हणणारं घरीदारी कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हातसुद्धा टेकवला. खुर्ची गार होती, मटक्याच्या पाण्यासारखी. तेव्हा भानावर आल्या. तृप्तीचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर काढलं. पोरगी रडत होती, "पान पूर्ण नाही झालं, बाई, पान पूर्ण नाही झालं..."

घरी पोचवताना त्यांनी भागाबाईंना एवढंच सांगितलं, की पोरीला ऊन लागलंय, आता शाळेत पाठवू नका. खरं कसं सांगायचं? मोतीबिंदूनं अंधुक झालेली म्हातारी, उषाबाईंना तिनं कधी पाहिलेलंही नाही. घाबरून गेली असती.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, बाईंनी भूपेंद्रला बोलावून घेतलं आणि पासवर्डाचं सगळं कबूल केलं. बाकीचं नाही सांगितलं.

"मॅडम, मैंने बोला था ना," भूपेंद्र कपाळाला हात लावत म्हणाला. "मेलेल्या माणसाचं खातं असं चालू ठेवतात का?" त्यानं दोन-चार फोन केले, बाईंच्या नावाचं खातं उघडून घेतलं आणि बाजूला झाला. "जुनं तुम्हीच काढा. बटन तुमच्या हातानं."

फळ्यानं विचारलं, हे खातं कायमचं काढायचं का?

बाईंनी आधी हात जोडले. "उषाबाई, रागावू नका. लेकरू लहान आहे हो." आणि दाबलं.

क्षणभर सगळं काळं झालं. मग तोच गोड आवाज आला, "नमस्कार, पूर्णिमा मॅडम." बाईंनी त्या दिवशी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात वर्ग घेतला. त्यांनी ठरवलं, तृप्तीला सुट्टीत आपणच घरी जाऊन शिकवायचं. पाटी-पेन्सिल घेऊन, अ-आ-ईपासून लागलं तरी चालेल. रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, त्या मावा जिलेबीचा पुडा आणि नवी पाटी घेऊन तृप्तीच्या घरी निघाल्या. तिच्या बोळाच्या तोंडाशी त्या जरा भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कुणीतरी पोराचं बोट धरून समोरून येतंय असं वाटलं, म्हणून वाट दिली. पण कुणी नव्हतं. उन्हानं डोळे दिपले असतील, असं म्हणून त्या पुढे गेल्या.

भागाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"ये माय, बस. किती दमतेस व तू."

"तृप्ती कुठे आहे, भागाबाई?"

"त्या दुसऱ्या बाई आल्या होत्या ना काल, दिवेलागणीला. म्हणे शाळेत आता मला जागा नाही राहिली, म्हणून घरीच येते शिकवायला. लई गोड बोलत होत्या. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या."

बाईंनी पाटी ओट्यावर ठेवली. "मग...?"

"मग काय? विचारलं त्यांनी, सुट्टीभर पोरीला माझ्याकडे नेऊ का? चांगल्या घरची बाई, रीतसर विचारतेय. मला वाटलं तूच पाठवली असशील. मी हो म्हटलं." म्हातारीनं लसणाची सालं फुंकून उडवली आणि बोळाकडे हात केला. "आज न्यायला आल्या, आत्ताच तर गेल्या दोघी. तुझ्या अंगावरूनच गेल्या असतील, बाई. या बोळाला दुसरं तोंड कुठे आहे?"