पूर आला तर 'विल' की 'वुड'?

श्रुतिकाशेजारी बसण्यात सुयोग परबचा फायदा दुहेरी होता. एक तर इंग्रजीच्या क्लासमधला चालणारा एकमेव पंखा नेमका तिच्या बाकावर होता. दुसरं म्हणजे ती लिहीत होती ते इंग्रजी व्याकरण पक्कं दिसत होतं, आणि वही उघडी होती. मरोळला झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत तो पहिल्याच दिवशी उशिरा पोचला. पण हा हिशेब त्याने बाकांमधून वाट काढतानाच उरकला आणि थेट तिच्यापाशी थांबला.

"सरकतेस जरा?"

श्रुतिकाने वर पाहिलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा निळा शर्ट, कोपराला ग्रीस, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू बाक याच्या आजोबांनी करवून ठेवलाय.

"पंख्यासाठी आलायस ना?"

"हो. पण आता बाकीच्या सोयीही दिसतायत..."

ती सरकली. वीतभरच.

श्रुतिका वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. सकाळी आईबरोबर मासळी निवडायची, मग हातांना लिंबू चोळून क्लासला यायची. वादळात, पुरात अडकलेली माणसं जिथे फोन करतात, अशा एका मदतवाहिनीत तिला फोन घ्यायची नोकरी हवी होती. अट एकच — क्लासची तोंडी परीक्षा पास. दोनदा ती नापास झाली होती आणि तिसरी संधी शेवटची. कागदावर तिचं इंग्रजी खणखणीत. तोंड उघडलं की शब्द पसार.

सुयोगचं नेमकं उलटं. शब्दांना तोटा नाही, व्याकरणाची मात्र पार वाट लागलेली. तेव्हा सौदा ठरला : शब्द त्याने द्यायचे, व्याकरण तिने. क्लास घेणाऱ्या रामनाथ सरांनी त्या महिन्यात नैसर्गिक आपत्तींचा धडा काढला होता. त्यामुळे दोघांमधलं जे काही होतं — प्रेम म्हणायला अजून कुणी धजत नव्हतं — ते भूकंप, दुष्काळ आणि दरडींच्या सावलीत वाढीला लागलं.

"तुझ्या लक्षात राहतात कसे रे एवढे शब्द?"

"घरचीच माणसं आहेत ना सगळी! बाबा म्हणजे व्होल्कॅनो. एरवी थंड, लाइट बिल आलं की फुटतात. आत्या म्हणजे लँडस्लाइड. एकदा आली की आठवडाभर रस्ता मोकळा होत नाही."

"आणि मी?"

सुयोगने मान वर केली. वर पंखा कुरकुरला.

"तू... लिंबू सरबत."

"ही काय आपत्ती आहे?"

"माझ्यापुरती... आहे."

तिने मान वहीत घातली. कान मात्र बाहेरच राहिले, लालबुंद.

"बडबड पुरे. 'इफ'चं वाक्य कर," ती दरडावून म्हणाली.

"इफ अ फ्लड कम्स, आय विल कॅरी यू."

"चूक. नुसती कल्पना असेल तर 'केम' आणि 'वुड'. 'विल' म्हणजे पूर आला तर तू खरंच उचलणार."

"मग चूक कुठाय?"

श्रुतिकाला चूक सापडेना. घसा खाकरून तिने विचारलं, "पोहता येतं तुला?"

"नाही."

"आणि कोळ्याच्या पोरीला उचलायला निघालास? बुडशील यार!"

"ते तर झालंच..."

तिने फटकन वही मिटली. घरी जाताना मात्र तिच्या मनात आलं, माणूस धूर्त आहे. परीक्षा झाली की सौदा संपला. मग हा कशाला येतोय माझ्या बाकावर?

परीक्षेच्या दिवशी हाच विचार घेऊन ती आत गेली आणि शब्द नेहमीसारखे पसार झाले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "इफ ॲन अर्थक्वेक स्ट्रक, हूम वुड यू कॉल फर्स्ट?"

भूकंप झाला तर पहिला फोन कुणाला? श्रुतिकाचे ओठ हलले, आवाज नाही. मॅडमचं पेन कागदाकडे निघालं...

तेवढ्यात तिची नजर दाराच्या काचेवर गेली. बाहेर सुयोग गाल फुगवून, डोळे वटारून, दोन्ही हात वर उडवत होता — लाइट बिल हातात पडलेले बाबा! तिला फिसकन हसू आलं, आणि हसण्याबरोबर शब्दही.

"आय विल कॉल सुयोग."

"यू मीन, वुड," मॅडम म्हणाल्या.

"नो मॅडम. आय मीन, विल."

मॅडमनी चष्मा खाली केला. "नॉट द हेल्पलाइन?"

श्रुतिका ताठ बसली. "मॅडम, आय विल बी द हेल्पलाइन!"

पेनाने बेधडक पास लिहिलं. मागाहून सुयोगही आत जाऊन आला, काठावर पास होऊन. जिन्यात ती वाट बघत उभी होती.

"सौदा संपला. आता वही मिळायची नाही," ती म्हणाली.

"वही कुणाला हवीय?"

"मग काय हवंय?"

इतक्या शब्दांचा मालक, पण त्या वेळी त्याच्याकडे एकच निघाला. "तू."

"झकास," ती म्हणाली, आणि त्याचं ग्रीसचं कोपर धरून जिना उतरू लागली.

आता हिशेब. तिला नोकरी मिळाली, त्याला ती मिळाली, आणि हा किस्सा सांगून सांगून रामनाथ सरांनी पुढची बॅच भरली. भुर्दंड पडला तो एकट्या पार्वतीबाईंना, श्रुतिकाच्या आईला. सुयोग पहिल्यांदा वर्सोव्याला जेवायला आला, तेव्हा हॉटेलवाल्यासाठी राखलेलं सगळ्यात मोठं पापलेट त्यांनी टोपलीतून काढून कालवणात सोडलं, आणि ताट त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "लाजतोस काय रे? पोरीचं डोकं खाल्लंस तेवढं पुरे. आता माशाचं खा."